योग्य अनुपलब्धी : न दिसण्याचे मोल

मराठवाड्यातील वृत्तपत्रांत अधूनमधून, बहुधा हिवाळ्याच्या दिवसांत, एक निवेदन छापून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून संशोधनासाठी मोठे फुगे आकाशात सोडले जाणार आहेत. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीपर्यंत जातील. त्यांना जोडलेली उपकरणे पॅराशूटच्या साहाय्याने खाली येतील आणि लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा जिल्ह्यांत कुठेही उतरू शकतील. कुणाला आढळल्यास हात न लावता पोलिसांना किंवा संस्थेला कळवावे, उपकरणाची छेडछाड न करणाऱ्यास बक्षीस मिळेल, असा साधारण मजकूर असतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो. साहित्याच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

माझ्या मते संबंध आहे, आणि तो आपण समजतो त्याहून निकटचा आहे. शेतात पडलेली पेटी पाहणाऱ्याला त्या पेटीने काय 'पकडले' याचे कुतूहल असते. ती पाठवणाऱ्याला मात्र आणखी एका गोष्टीची तेवढीच चिंता असते : तिने काय पकडले नाही, आणि ते न पकडण्याला काही अर्थ आहे का? हा दुसरा प्रश्न मराठी समीक्षेत आणि वाङ्मयेतिहासात आपण फारसा विचारत नाही. तो विचारायला हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी थोडी वाट वाकडी करून एका भौतिकशास्त्रीय उद्योगाकडे जावे लागेल. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

हैदराबादचे फुगे प्रामुख्याने वैश्विक किरण, क्ष-किरण व अवरक्त खगोलशास्त्र, वातावरण अशा विषयांसाठी उडत आले आहेत. याच जातीचे, पण आणखी मोठे फुगे अंटार्क्टिकावरून आणि न्यूझीलंडमधून सोडले जातात ते न्यूट्रिनो नावाच्या कणाच्या शोधात. या कणाची कल्पना वोल्फगांग पाउली याने १९३० साली मांडली. तो प्रत्यक्ष सापडला १९५६ साली. इतका विलंब होण्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे : तो कशातच अडकत नाही. सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी या संख्येने आरपार जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दूरच्या आकाशगंगांतील प्रचंड उलथापालथींतून येणारे न्यूट्रिनो तर संख्येने फारच विरळ, मात्र त्यांची ऊर्जा अफाट. दक्षिण ध्रुवावर १ घन किलोमीटर बर्फात पुरलेल्या 'आइसक्यूब' या यंत्रणेने असे वैश्विक न्यूट्रिनो असल्याचा पुरावा २०१३ साली जाहीर केला. त्याहून अधिक ऊर्जेचे पकडायचे तर १ घन किलोमीटरही अपुरा पडतो. मग वैज्ञानिकांनी ठरवले की सबंध पृथ्वीलाच जाळे करायचे आणि ते उंचावरून न्याहाळायचे, आज फुग्यातून, उद्या उपग्रहावरून.

हे कसे घडते? अतिउच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोला पृथ्वी पारदर्शक राहत नाही. सरळ मध्यातून जाऊ पाहणारा आतच अडतो. पण क्षितिजालगत, पृथ्वीच्या कडेला चाटून जाणारा एखादा न्यूट्रिनो खडकात वा पाण्यात धडकून 'टाऊ' नावाचा कण निर्माण करू शकतो. टाऊचे आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. परंतु प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ धावणाऱ्या कणाचा काळ आपल्या दृष्टीने मंदावतो. १ वर १७ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा टाऊ विघटन पावण्यापूर्वी सरासरी ५ किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो. तेवढ्यात तो जमिनीबाहेर आला, तर हवेत त्याचे विघटन होते आणि वर चढत जाणाऱ्या कणांचा वर्षाव सुरू होतो. अशा वर्षावांचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडले होते. म्हणजे या कथेचा एक धागा मुंबईच्या माणसाच्या हातात आहे. वर्षावातून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाची, सेकंदाच्या कोट्यंशांत संपणारी एक लकेर उमटते, शिवाय रेडिओलहरीही निघतात. ३३ किलोमीटर उंचीवरच्या फुग्याला क्षितिज समपातळीपेक्षा सुमारे ६ अंश खाली दिसते. त्या रेषेखालच्या चिंचोळ्या पट्ट्याकडे डोळा लावून, चांदणे नसलेल्या रात्री, ही लकेर कधी दिसेल याची वाट पाहायची.

आणि बहुतेक वेळा ती दिसत नाही.

इथून माझ्या विषयाला खरा आरंभ होतो. लकेर दिसली नाही याचा अर्थ काय? न्यूट्रिनो नव्हतेच? होते, पण टाऊ जमिनीतच विरला? लकेर उमटली, पण ढगांनी गिळली? की प्रकाश दुर्बिणीपर्यंत पोहोचला आणि तिच्या उंबरठ्याहून क्षीण म्हणून यंत्राने त्याची नोंदच घेतली नाही? या चार शक्यतांचा निवाडा नुसत्या निरीक्षणाने होत नाही. त्यासाठी उड्डाणाच्या कितीतरी आधी संगणकावर एक आभासी पृथ्वी रचली जाते. तिच्यावर यदृच्छेने दिशा व ऊर्जा ठरवून लक्षावधी काल्पनिक न्यूट्रिनो सोडले जातात. प्रत्येकाची यात्रा पायरीपायरीने गणली जाते : खडकात धडकला का, टाऊ बाहेर पडला का, कुठे विरला, प्रकाश किती निघाला, हवेने व धुळीने त्यातला किती शोषला, आरशावर किती पडला, यंत्राने तो मोजण्याजोगा मानला का. या सगळ्याला इंग्रजीतून आलेला शब्द 'सिम्युलेशन'. अमेरिकेच्या नासाच्या पाठबळाने या विशिष्ट कामासाठीच 'न्यू-स्पेस-सिम' नावाची संगणकप्रणाली विकसित झाली आहे. ५२५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या दोन उपग्रहांची 'पोएमा' ही प्रस्तावित मोहीम काय पाहू शकेल याचे हिशेबही असेच मांडले गेले आहेत.

या खटाटोपातून शेवटी हाती येतो तो एक आकडा : विश्वात अमुक प्रमाणात न्यूट्रिनो असते, तर या उपकरणाला इतक्या काळात सरासरी इतके दिसले असते. हा आकडा हाती असला की मौनाला अर्थ येतो. समजा, सरासरी ३ घटना दिसायला हव्या होत्या आणि एकही दिसली नाही. असे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. म्हणजे तुमचे गृहीतक बहुधा चुकले. पण अपेक्षाच ०.१ घटनेची असेल, तर काही न दिसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. तेव्हा त्या न दिसण्यातून जवळपास काहीच सिद्ध होत नाही. १३ मे २०२३ रोजी न्यूझीलंडमधील वानाका येथून सोडलेला एक मोठा संशोधन-फुगा कित्येक आठवडे उडण्याच्या अपेक्षेने गेला आणि गळतीमुळे दीड दिवसाच्या आसपास प्रशांत महासागरात उतरला. एवढ्या अल्प काळात न्यूट्रिनो दिसला नाही म्हणून विश्वाविषयी कुणी निष्कर्ष काढला नाही. काढताही येत नव्हता. दोन शून्ये दिसायला सारखी असतात, त्यांचे मोल सारखे नसते.

मोलवान शून्याचे एक ठळक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा संस्थेच्या संशोधकांनी १९५०च्या दशकापासून वैश्विक किरणांतील म्यूऑन मोजायला सुरुवात केली होती. जसजसे खोल जावे तसतशी संख्या घटत होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी खाणीत पावणेतीन किलोमीटरच्या आसपासच्या पातळीवर उपकरण ठेवले, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. एखाद्याने हा प्रयोग फसला म्हणून गुंडाळला असता. या मंडळींनी त्याचा अर्थ असा लावला : वरून येणारे म्यूऑन इथे पोहोचत नाहीत, तेव्हा अशा खोलीवर बाजूने, आडवा काही आलाच, तर तो खडकातून न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. मग २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणांच्या उभ्या भिंती रचण्यात आल्या आणि १९६५ साली टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या संयुक्त गटाने वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो पकडल्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत याच वेळी याच शोधात असलेल्या गटाच्या किंचित आधी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कोलारच्या शोधाचा पाया एका न दिसण्यावर घातलेला होता.

आता आपल्या परंपरेकडे वळू. न दिसणे हे ज्ञानाचे साधन होऊ शकते का, हा प्रश्न मीमांसकांना पडला होता. कुमारिल भट्टाने 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले : जमिनीवर घट नाही हे आपल्याला घट न दिसण्यावरून कळते. पण लगेच अट घातली गेली. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. पिशाच दिसत नाही, म्हणून ते नाही असेही म्हणता येत नाही, कारण न दिसणे हा त्याचा स्वभावच कल्पिला आहे. जी वस्तू असती तर त्या स्थळी, त्या परिस्थितीत दिसलीच असती, तिचेच न दिसणे अभाव सिद्ध करते. ही 'योग्य अनुपलब्धी'. नैयायिकांनी अनुपलब्धीला वेगळे प्रमाण मानले नाही, पण ही योग्यतेची अट त्यांनाही मान्य होती. सिम्युलेशन म्हणजे ही योग्यता आकड्यांत मोजण्याची रीत, असे मला वाटते. न्यूट्रिनो हा एका अर्थी पिशाचाच्या कोटीतला कण. त्याला घटाच्या कोटीत आणून बसवायचे, तर प्रकाश कितपत होता, डोळा कितपत उघडा होता याचा हिशेब ठेवावाच लागतो.

मराठीत सिम्युलेशनला कुणी 'सदृशीकरण' म्हणते, कुणी 'प्रतिरूपण'. एम.ए.च्या वर्गात आपण रससूत्राच्या भाष्यकारांमध्ये शंकुक शिकवतो. रंगमंचावरच्या रामाचे ज्ञान कोणत्या जातीचे, याचे उत्तर त्याने चित्रतुरगन्यायाने दिले. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडा' अशी प्रतीती होते. ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. संगणकातल्या पृथ्वीविषयी हेच म्हणता येईल. ती पृथ्वी खरी नाही, पण तिला खोटी म्हणणेही बरोबर नाही, आणि ती पृथ्वीसारखी दिसावी ही तर कुणाची अपेक्षाच नसते. तिच्यावरून अनुमान करता यावे, एवढेच तिचे प्रयोजन. शंकुकाचा सिद्धांतही अनुमितीचाच होता. अभिनवगुप्ताने त्याचे खंडन केले आणि काव्यास्वादाच्या बाबतीत ते रास्तच होते. परंतु आस्वादाच्या दालनातून बाहेर पडलेला हा चित्रतुरग ज्ञानाच्या दुसऱ्या दालनात आज कसा कामाला आला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. 'सदृशीकरण' या शब्दाविषयी माझी तक्रारही इथलीच : तो सादृश्यावर भर देतो आणि अनुमान विसरायला लावतो.

कल्पनेच्या या शिस्तीमुळे केवळ 'नाही' म्हणणाऱ्यालाच चाप बसतो असे नाही. 'आहे' म्हणणाऱ्यालाही बसतो. अंटार्क्टिकावर उडणाऱ्या 'अनिता' या फुग्यावरील रेडिओयंत्रणेने २००६ आणि २०१४ च्या उड्डाणांत दोन विलक्षण घटना नोंदल्या. वर येणाऱ्या वर्षावासारखे संकेत, आणि तेही पृथ्वीच्या आत हजारो किलोमीटर प्रवास करून यावेत अशा तीव्र कोनातून. त्या ऊर्जेचा न्यूट्रिनो एवढा प्रवास करू शकत नाही. २०२० साली जगभर बातम्या झळकल्या की काळ उलटा वाहणारे समांतर विश्व सापडले. प्रत्यक्ष संशोधकांच्या निबंधांत असे काही नव्हते. अर्जेंटिनातील पिएर ऑजे वेधशाळेने पुढे शांतपणे एक प्रश्न घेतला : हे संकेत खरोखर वर येणाऱ्या वर्षावांचे असतील, तर ३००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या आमच्या यंत्रणेला इतक्या वर्षांत तसे किती दिसायला हवे होते? सिम्युलेशनने उत्तर दिले, अनेक. प्रत्यक्ष नोंदींत एकच सापडली, आणि तीही सामान्य वैश्विक किरणांच्या भ्रामक नोंदीत बसण्याजोगी. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. अनिताच्या त्या दोन घटनांचे कोडे त्यामुळे सुटले असे नाही, पण एक सोपे आणि आकर्षक उत्तर बाद झाले.

एवढ्या पूर्वपीठिकेनंतर आपल्या घरात डोकावू. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अभावाची विधाने पावलोपावली भेटतात. अमुक काळात गद्य नव्हते. अमुक प्रदेशात वाङ्मयीन जाणीव नव्हती. स्त्रियांनी लिहिले नाही. दलितांचा स्वर उमटला नाही. जिथे 'नाही' हा शब्द उच्चारलेला नसतो, तिथेही तो दडलेला असतो. 'पहिली कादंबरी', 'आद्य कवी', 'पहिली लेखिका' या प्रत्येक विशेषणात 'याआधी कुणी नव्हते' असे एक अभावाचे विधान गृहीत असते. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'ला पहिली म्हणताना आपण त्या कादंबरीविषयी जेवढे बोलतो, तेवढेच तिच्या आधीच्या सगळ्या काळाविषयी बोलत असतो. प्रश्न असा, की ही अनुपलब्धी योग्य आहे का? असते, तर आपल्याला दिसले असते का?

अनुभव काय सांगतो ते पाहू. ज्या पैठणला चक्रधरांचे वास्तव्य होते, ते या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'सारखा गद्यग्रंथ महानुभावांनी जपला, पण सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे प्रभृतींनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत हे गद्य मराठी विद्वानांच्या दृष्टीने जवळजवळ नव्हतेच. पोथ्या मठांत होत्या, अक्षरेही डोळ्यांपुढे होती. उपकरणाला ती लिपी येत नव्हती, एवढेच. त्या काळात कुणी प्राचीन मराठी गद्याच्या अभावाची कारणमीमांसा केली असेल, तर ती कितीही मार्मिक असली तरी अंधाऱ्या खोलीतल्या घटाविषयीची होती.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले. लिपी नागरी, भाषा रोखठोक. वाचायला कोणतीच अडचण नव्हती. तरी स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहाला त्याचे भान नव्हते. इथे उपकरणाला लिपी येत होती, पण ते त्या दिशेला वळवलेलेच नव्हते. ग्रामीण स्त्रियांच्या बाबतीत तर आपण शोध घेत होतो छापील कागदावर, आणि त्यांची निर्मिती होती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत आपल्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. कागद हेच ज्याचे जाळे, त्याला आवाज सापडणार कसा?

चौथे उदाहरण याच शहराचे. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गंगाधर पानतावणे यांनी इथून 'अस्मितादर्श' चालवले. त्यापूर्वी दलित लेखन अजिबात नव्हते असे नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेला मुक्ता साळवे हिचा निबंध आहे, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह १९६३ सालचा आहे. परंतु प्रत्येक यंत्राला एक उंबरठा असतो; त्याखालचा संकेत ते गोंगाट समजून टाकून देते. प्रस्थापित नियतकालिकांच्या संपादकीय अभिरुचीचा असाच एक उंबरठा होता. 'अस्मितादर्श'ने तो बदलला आणि जे गोंगाट म्हणून वगळले जात होते ते वाङ्मय म्हणून नोंदले जाऊ लागले. एका नियतकालिकाने लेखक निर्माण केले असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याने ते दिसण्याची योग्यता निर्माण केली, असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की साहित्य ही मोजण्याची वस्तू नव्हे. न्यूट्रिनोंचे गणित कवितेला लावणे हा विज्ञानाचा बडेजाव झाला. हा आक्षेप कवितेच्या आस्वादापुरता मला पूर्ण मान्य आहे. पण अभावाचे विधान हे आस्वादाचे विधान नसते. 'निजामी राजवटीत मराठवाड्यात मराठी ललितगद्य फारसे झाले नाही' हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे, आणि ते करणाऱ्यावर वस्तुस्थितीची जबाबदारी येते. त्या काळी उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमातून शिकवत होते. तेव्हा एखाद्याने मराठीत ललितगद्य लिहिलेच असते, तर ते छापले कुठे गेले असते? पुण्या-मुंबईच्या मासिकांत? की हस्तलिखित अंकात, खासगी पत्रांत, शाळेच्या दप्तरात? त्यांपैकी किती काय टिकले असते आणि त्या टिकलेल्यांतले किती आपण प्रत्यक्ष चाळले? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने का होईना, मांडता येतात. तेवढी मांडल्यावर 'झाले नाही' असे म्हणावेसे वाटले, तर खुशाल म्हणावे. त्या विधानाला मग वजन असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'असते पण दिसले नसते' अशी सबब एकदा मान्य केली, की वाटेल त्याला वाटेल तो दावा करता येईल : आमच्याकडे महाकाव्ये होती, पण ती जळाली; आमच्या गावी आद्य कवी झाला, पण पोथी वाळवीने खाल्ली. ही भीती खरी आहे. परंतु योग्य अनुपलब्धीचे तत्त्व अशा दाव्याला आश्रय देत नाही, उलट त्याला अडवते. अनिताच्या बाबतीत जो प्रश्न विचारला गेला तोच इथे विचारायचा. एवढा मोठा कवी झाला असता, तर त्याचा उल्लेख समकालीनांत, टीकांत, अन्य पोथ्यांच्या समासांत कुठे कुठे यायला हवा होता? तिथे तो शोधला का? शोधूनही नसेल, आणि त्या जागा जर दिसण्याजोग्या असतील, तर दावा सोडून द्यावा. पुरावा नसणे आणि नसण्याचा पुरावा असणे यांतले अंतर दोन्ही बाजूंना सारखेच बांधून ठेवते.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. संगणकातली पृथ्वी तिच्यात घातलेल्या ज्ञानापलीकडे काही सांगू शकत नाही. आपण ज्या प्रकारचा न्यूट्रिनो कल्पिला, त्याच प्रकारच्याच्या दिसण्याचा हिशेब ती देते, अकल्पिताचा नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी भूमध्य समुद्राच्या तळाशी उभारल्या जात असलेल्या यंत्रणेने सुमारे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रिनो नोंदला. २०२५ साली ते जाहीर झाले. कितीतरी अधिक काळ बर्फात डोळे उघडून बसलेल्या आइसक्यूबला मात्र तसा आढळला नव्हता. एकाचे दिसणे आणि दुसऱ्याचे न दिसणे यांचा मेळ कसा घालायचा, यावर वैज्ञानिकांत चर्चा झाली. वाङ्मयेतिहासातही नवी पोथी, नवी वही अशीच अवचित येणार आणि आपले अंदाज मोडणार. तो मोडण्यासाठी आधी अंदाज लेखी मांडलेला असावा लागतो. ज्याने काही अपेक्षाच नोंदवली नाही, त्याला आश्चर्य वाटण्याचाही अधिकार नाही.

या सगळ्यातून विद्यापीठीय संशोधनासाठी माझी एक साधी सूचना आहे. आपल्या मराठी विभागांत प्रबंध होतात. त्यांत शीर्षकात जे शोधायचे ठरवले असते ते शेवटच्या प्रकरणात हमखास सापडते, आणि जे सापडत नाही ते 'आढळत नाही' एवढ्या दोन शब्दांत निकालात निघते. इथून पुढे 'आढळत नाही' असे लिहिणाऱ्या प्रत्येक संशोधकाने त्याला एक पान जोडावे. कोणत्या ग्रंथालयांत, कोणत्या नियतकालिकांच्या कोणत्या वर्षांच्या फायली पाहिल्या. कोणत्या लिप्या आणि बोली वाचता-ऐकता आल्या, कोणत्या आल्या नाहीत. शोधलेली गोष्ट अस्तित्वात असती, तर ती या साधनांत दिसण्याची शक्यता किती. मार्गदर्शकाने आणि परीक्षकाने प्रबंधातले सर्वांत आधी हे पान वाचावे. त्यासाठी संगणक लागत नाही, अनुदान लागत नाही. कोलारच्या खाणीतल्या मंडळींनी शून्य नोंदीची वही जशी निगुतीने जपली, तशी आपली रिकामी वही जपण्याची तयारी तेवढी लागते.

असे पान जोडले, तर काही प्रबंधांचे निष्कर्ष आक्रसतील. 'मराठवाड्यात नव्हते' याऐवजी 'आम्ही पाहिलेल्या अकरा फायलींत नव्हते' असे लिहावे लागेल. त्यात कमीपणा नाही. उलट बाराव्या फायलीचा पत्ता पुढच्या विद्यार्थ्याला तिथेच मिळेल.